अस्वलाची शिकार : हंगाम व नियमन

अस्वलाची शिकार : मांस, चरबी व कातडे यांसाठी, पाळीव जनावरांच्या संरक्षणासाठी किंवा छंद म्हणून केली जाणारी अस्वलाची पारध. उत्तर अमेरिकेत ही शिकार आज ठराविक हंगामात, परवाना घेऊन व कायद्याने आखून दिलेल्या रीतीनेच करता येते. या हंगामाचा इतिहास म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अस्वल ‘पीडक जनावर’ न राहता ‘मोजूनमापून राखावयाचा प्राणी’ कसे बनले, याचा इतिहास होय. तेथील सर्वांत विपुल जाती म्हणजे काळे अस्वल (उर्सस अमेरिकानस). प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या जातीचा व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा विचार केला आहे.

पूर्वेतिहास : उत्तर अमेरिकेतील अनेक आदिवासी जमातींत अस्वलाच्या शिकारीभोवती कडक विधिनिषेध होते. मारलेल्या अस्वलाची कवटी स्वच्छ करून झाडावर टांगण्याची चाल क्री लोकांत होती. यूरोपीय वसाहतकारांनी अस्वलाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. मक्याची शेते, डुकरे व मेंढ्या यांचा शत्रू म्हणून त्याला मारणाऱ्यास सरकारी बक्षीस देण्याची पद्धत वसाहतकाळापासून रूढ झाली. मेन राज्यात ती १९५७ पर्यंत चालू होती. बक्षिसाला हंगाम नसतो. मादी, पिल्लू, उन्हाळा, हिवाळा असा कोणताच भेद त्यात केला जात नसे. जंगलतोडीची त्यात भर पडून पूर्वेकडील बहुतेक प्रदेशांतून काळे अस्वल हटले. कॅलिफोर्नियात तर १९११ मध्ये ज्या ग्रिझली अस्वलाचे चित्र राज्याच्या अधिकृत ध्वजावर आले, ते अस्वल पुढील दोन दशकांच्या आत त्या राज्यातून नामशेष झाले.

अलिखित नियमांपासून कायद्यापर्यंत : नोव्हेंबर १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीसाठी गेले. पूर्वी गुलाम असलेला होल्ट कॉलिअर हा नामांकित शिकारी त्यांचा वाटाड्या होता. त्याच्या कुत्र्यांनी एक अस्वल घेरले. कॉलिअरने ते जखमी करून झाडाला बांधले व अध्यक्षांना बोलाविले. परंतु बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे खिलाडूपणाचे नाही, असे म्हणून रूझवेल्ट यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांच्या व्यंगचित्रामुळे हा प्रसंग देशभर गाजला व त्यातूनच ‘टेडी बेअर’ हे खेळणे जन्मास आले. त्या अस्वलाचे प्राण मात्र वाचले नाहीत. ते घायाळ असल्याने रूझवेल्ट यांच्याच सांगण्यावरून सुऱ्याने त्याचा शेवट करण्यात आला. शिकाऱ्याची सभ्यता शिकाऱ्याची प्रतिष्ठा राखते, जातीचे रक्षण करीत नाही, ही गोष्ट या प्रसंगातून सूचित होते. जातीच्या रक्षणासाठी कायद्याची आवश्यकता होती.

असे कायदे त्याच सुमारास होऊ लागले होते. १९०० च्या लेसी अधिनियमाने बेकायदा मारलेल्या वन्य प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास बंदी केली. पेनसिल्व्हेनियाने १९०५ मध्ये काळ्या अस्वलाला शिकारयोग्य प्राण्यांच्या यादीत घेऊन संरक्षण दिले. ‘शिकारयोग्य’ ठरविणे म्हणजे संरक्षण देणे, ही गोष्ट वरकरणी विसंगत वाटते. पण त्यामुळे ठराविक काळाखेरीज इतर वेळी अस्वल मारणे हा गुन्हा ठरला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन अधिनियमाने बंदुका व दारूगोळा यांवरील उत्पादन शुल्क राज्यांच्या वन्यजीव-कार्यासाठी राखून ठेवण्यात आले व शिकारीच्या नियमनास कायमचा आर्थिक आधार मिळाला.

हंगामाची आखणी : अस्वलाची वीण सावकाश होते. काळ्या अस्वलाची मादी साधारणतः तीन ते पाच वर्षांची झाल्यावर प्रथम विते व पुढे बहुधा एक वर्षाआड दोन-तीन पिल्ले देते. समागम जून-जुलैमध्ये होत असला, तरी फलित अंड्याचे गर्भाशयातील रोपण लांबणीवर पडून नोव्हेंबरच्या सुमारास होते आणि पिल्ले जानेवारीत गुहेत जन्मतात. म्हणून एका हंगामात झालेली जादा हत्या भरून निघण्यास पुष्कळ वर्षे लागतात. पेनसिल्व्हेनियातील मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीस ठेवण्याचे कारणही यातच आहे. गाभण माद्या नरांच्या आधी शीतनिष्क्रियतेसाठी गुहेत शिरतात, त्यामुळे उशिराच्या हंगामात त्या आपोआप शिकाऱ्यांच्या वाटेतून दूर होतात.

दुसरा आधार मोजणीचा. पेनसिल्व्हेनियात शिकार साधल्यावर अस्वल २४ तासांच्या आत तपासणी केंद्रावर न्यावे लागते. तेथे त्याचे वजन व लिंग नोंदवून एक लहान दाढ काढली जाते. दाताच्या कापातील वार्षिक थरांवरून प्राण्याचे वय समजते, तर पूर्वी खुणेचा बिल्ला लावलेली किती अस्वले हाती आली यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो. संख्या घटल्याचे दिसताच १९७०, १९७७ व १९७८ या वर्षी तेथील हंगाम पूर्णपणे रद्द करण्यात आला. त्या दशकात सु. ४,००० असलेली अस्वलांची संख्या पुढे १५,००० च्या पलीकडे गेली. २०१९ मध्ये हंगाम वाढविल्यावर तेथे ४,६५३ अस्वले मारली गेली.

शिकाऱ्याची पूर्वतयारी : हंगामापूर्वीची तयारी बरीचशी या नियमांनीच ठरते. प्रथम शिकार-सुरक्षा शिक्षणक्रम पूर्ण करून सर्वसाधारण परवाना व त्याशिवाय अस्वलासाठीचा स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. एका वर्षात एका परवान्यावर एकच अस्वल मारता येते. पेनसिल्व्हेनियात आमिष, शिकारी कुत्रे व सापळे यांना बंदी असल्याने रानाची माहिती हेच शिकाऱ्याचे मुख्य साधन होय. शरद ऋतूत अस्वल चरबी साठविण्यासाठी दिवसाचा बराच काळ खाण्यात घालविते. म्हणून ओक व बीच या वृक्षांना कोठे फळ धरले आहे, खोडांवर नख्यांच्या खुणा व वाटेवर विष्ठा कोठे आढळते, याची पाहणी आधीच केली जाते. बंदुकीचा नेम तपासणे, खाजगी जमिनीच्या मालकाची संमती मिळविणे आणि दुरून दिसेल असा चकाकता नारिंगी पेहराव जमविणे हीही तयारीचीच अंगे आहेत. जाड चरबी व दाट केस यांमुळे मारलेल्या अस्वलाचे मांस लवकर खराब होते. म्हणून ते तातडीने सोलण्याची व थंड करण्याची सोय आधीच करावी लागते. मांसात ट्रिकिनेला हे परजीवी कृमी असण्याचा संभव असल्याने ते पूर्ण शिजविल्याशिवाय खाणे धोक्याचे असते.

मतभेद : नियमन असले तरी वाद संपलेला नाही. कोलोरॅडोत १९९२ मध्ये मतदारांनी वसंतातील हंगाम तसेच आमिष व कुत्रे यांचा वापर बंद केला. आईमागे असलेली पिल्ले अनाथ होतात, हा वसंतातील शिकारीवरचा मुख्य आक्षेप होता. ऑरेगनने १९९४ मध्ये आमिष व कुत्रे यांना मनाई केली. मेनच्या मतदारांनी मात्र २००४ व २०१४ मध्ये अशी बंदी फेटाळली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने २०१७ मध्ये ग्रिझलीची छंदापोटी होणारी शिकार थांबविली. हंगामाचा अंदाज चुकू शकतो, हे फ्लॉरिडात दिसून आले. तेथे २०१५ मध्ये २१ वर्षांनी शिकार खुली झाली. ३२० ही मर्यादा असताना दोन दिवसांतच ३०४ अस्वले मारली गेल्याने हंगाम आवरता घ्यावा लागला. तेथील पुढचा हंगाम डिसेंबर २०२५ मध्ये झाला, तेव्हा केवळ १७२ परवाने देण्याचे ठरले होते. रूझवेल्ट यांच्या प्रसंगाशी निगडित असलेली लुइझियाना काळे अस्वल ही उपजाती १९९२ मध्ये संकटग्रस्त म्हणून संरक्षित झाली, २०१६ मध्ये त्या यादीतून वगळली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये लुइझियाना राज्यात तिची मर्यादित शिकार पुन्हा सुरू झाली.

भारत : ब्रिटिश अमदानीत वाघ, बिबळ्या, लांडगा यांच्याप्रमाणे अस्वल मारल्याबद्दलही बक्षिसे दिली जात. स्वातंत्र्यानंतर मात्र भारताने अमेरिकेहून वेगळा मार्ग पत्करला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात प्रारंभी परवान्याने शिकारीस वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने बंद झाले. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली इ. भागांत आढळणारे आपले अस्वल (मेलुर्सस उर्सिनस) आज पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीस कोणताही हंगाम नाही. मानवी जीवितास धोका निर्माण झाल्यास व प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नसल्यासच मुख्य वन्यजीव रक्षक त्यास मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. अर्थात बंदीने संघर्ष मिटत नाही. मोहफुले व तेंदूपाने वेचण्यास पहाटे रानात जाणाऱ्या विदर्भातील ग्रामस्थांवर अस्वलांचे हल्ले होतात व त्यांत माणसे जायबंदी होतात. बक्षीस, हंगाम व बंदी या तिन्ही व्यवस्थांपुढे मूळ प्रश्न एकच होता : ज्या रानावर माणसाची उपजीविका अवलंबून आहे, त्याच रानात अस्वलाला किती जागा द्यावयाची. हंगामाच्या कायद्याने त्याचे उत्तर संख्येत शोधले. बंदीच्या कायद्याला ते रानाची जपणूक व तेथील माणसांची सुरक्षितता यांतून शोधावे लागते.