चुलीमागची कांच



कांच आणि विस्तव यांचें वैर मीं लहानपणींच पाहिलें. ऐन परीक्षेच्या दिवसांत तापलेल्या कंदिलाच्या कांचेवर माझ्या हातून पाण्याचे चार थेंब उडाले, आणि ती तडकली. म्हणून गेल्या उन्हाळ्यांत आमच्या स्वयंपाकघरांत शेगडीमागच्या भिंतीला कांच बसविण्याचें ठरलें, तेव्हां मला धास्तीच वाटली.

पूर्वीं चुलीमागची भिंत मातीची असे. ती काजळावी, घरच्या बाईनें सारवावी, आणि ती पुन्हां काजळावी, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चाले. कांच महाराष्ट्रांत घरोघर पोंचली ती मुख्यतः बांगडीच्या आणि कंदिलाच्या रूपानें. पैशापैशाची वर्गणी जमवून अंताजीपंत काळे यांनीं उभारलेल्या पैसा फंडानें १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना काढला. पुढें १९१६ सालीं कराडजवळ ओगले बंधूंनीं आपला कारखाना सुरू केला. त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडीं गेला. परंतु भिंतीला कांच लावावी, हें तेव्हां आपल्याकडे कोणाच्या मनांतहि आलें नसेल.

अमेरिकेंत मात्र १९०० च्या सुमारास संगमरवराऐवजीं वापरण्याजोगे जाड, रंगीत कांचेचे तक्ते होऊं लागले होते. ‘व्हिट्रोलाइट’ हा त्यांतलाच एक प्रकार. १९२० नंतरच्या वीस वर्षांत तेथें आणि इंग्लंडांत असे तक्ते न्हाणीघरांच्या व स्वयंपाकघरांच्या भिंतींवर चढले. त्यांना डाग धरत नसे, वास लागत नसे.

परंतु विस्तवाजवळ कांच टिकावी कशी? कांच दाब पुष्कळ सोसते, ताण सोसत नाहीं. तापलेल्या कांचेचा एक भाग अवचित थंड झाला, तर तो आकसूं पाहतो, शेजारचा भाग त्याला आकसूं देत नाहीं, आणि त्या ओढाताणींत तडा जातो. याचा उलगडा एका खेळण्यांत दडलेला होता. १६६० च्या सुमारास राजपुत्र रूपर्ट यानें इंग्लंडांत कांचेचे कांहीं थेंब आणले. वितळलेली कांच थेंबथेंब पाण्यांत सोडून ते केलेले असत. थेंबाचें डोकें हातोड्यानें फुटत नसे. पण बारीक शेपूट मोडतांच सगळ्याचा भुगा होई. बाहेरचा थर आधीं घट्ट होतो, आंतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला आवळून धरतो. आवळलेल्या पृष्ठावर तडा सहजासहजीं उघडत नाहीं.

याच तत्त्वावर १८७४ सालीं द ला बास्ती या फ्रेंच गृहस्थानें तापलेली कांच ऊन तेलांत बुडवून कणखर केली. आतां तक्ता सहाशे अंशांहून अधिक तापवून दोन्ही अंगांनीं वाऱ्याचे झोत सोडतात. तक्ता सपाट होण्याची अडचणहि १९५९ सालीं जाहीर झालेल्या पिल्किंग्टन यांच्या कृतीनें सुटली. तींत वितळलेली कांच वितळलेल्या कथलावर तरंगत पसरते.

आमच्या घरीं मात्र मापांत चूक झाली. तक्ता आला, तेव्हां विजेच्या बटणांसाठीं ठेवलेली चौकट चार बोटें बाजूला निघाली. मी म्हणालों, “येथेंच थोडी कापून घ्या.” कारागीर हंसला. “गुरुजी, आतां हिला हत्यार लागलें कीं सगळ्याची खडी होईल. कापायचें, भोंकें पाडायचीं, कडा घासायच्या, तें सारें भट्टीपूर्वीं.” रूपर्टच्या थेंबाचें शेपूट तें हेंच! जो ताण बळ देतो, तोच दुरुस्तीला जागा ठेवीत नाहीं. तो तक्ता वायां गेला. दुसऱ्या खेपेला कारागिरानें ओळंबा सोडून भिंत तपासली, मापें तीनदां घेतलीं, मगच तक्ता घडविला आणि मागून रंग देऊन भिंतीला चिकटविला.

पहिल्याच दिवशीं फोडणी उडाली. सौभाग्यवतीनें ओलें फडकें थेट तापल्या कांचेवर फिरविलें. माझा हात आडवा जाण्यासाठीं आपोआप उचलला गेला. पण कांच तडकली नाहीं. डाग तेवढा गेला.