दिनविशेष, 28 जानेवारी : पाल्मेटुम लोकांसाठी खुले (2014)

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरीफवरील सांता क्रूझ शहरात 28 जानेवारी 2014 रोजी 'पाल्मेटुम' हे मुख्यतः पाम कुळाला वाहिलेले वनस्पती उद्यान जनतेसाठी खुले झाले. माड, पोफळ, ताड, शिंदी, भेर्लीमाड ही आपल्या ओळखीची झाडे याच कुळातली.

सुमारे 12 हेक्टरांची ही जागा म्हणजे समुद्राकाठचा, शहराच्या कचऱ्याने उभा राहिलेला डोंगर. 1983 मध्ये तिथे कचरा टाकणे थांबले. कृषितज्ज्ञ मानुएल काबायेरो यांच्या कल्पनेतून 1990 च्या दशकाच्या मध्यात, युरोपीय संघाच्या निधीच्या आधारे, उद्यानाचे काम सुरू झाले. उघड्या टेकाडावर माती पसरली गेली, तळी आणि धबधबे बांधले गेले, देशोदेशींचे बी रुजवले गेले. पुढे निधी आटला आणि काम काही वर्षे थंडावले. रोपे मात्र वाढत राहिली. दार उघडेपर्यंत त्यांची उंच झाडे झाली होती. बरेच पाम हळू वाढतात, त्यामुळे ही प्रतीक्षा अगदीच वाया गेली नाही.

झाडांची मांडणी त्यांच्या मूळ भूमीनुसार आहे: कॅरिबियन बेटे, मादागास्कर, हवाई, न्यू कॅलेडोनिया असे स्वतंत्र विभाग आहेत. खारा वारा न सोसणाऱ्या नाजूक जातींसाठी अष्टकोनी छायागृह आहे. बेटांचा स्वतःचा कॅनरी खजूरही इथे आहे. युरोपातील सर्वांत मोठ्या पाम संग्रहांत या उद्यानाची गणना होते.