हवामान बदललं तेव्हा

कलावंतानं वाट बदलली की त्याच्यावर दोनच आरोप होतात. एक तर तो विकला गेला, नाही तर तो संपला. आम्हा कवींना हे रोजचंच. मुक्तछंदात लिहिणारा गझलेकडे वळला की ‘टाळ्यांसाठी गेला’ म्हणणारे लगेच भेटतात. पण माणसं वाट का बदलतात आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या एका वाद्यवृंदाची गोष्ट फार उपयोगी आहे. त्याचं नाव ‘वेदर रिपोर्ट’.

जॅझ आणि रॉक यांच्या मिश्रणातून एकोणीसशे साठच्या दशकाअखेर जे संगीत जन्मलं, त्याला पुढे फ्यूजन म्हणू लागले. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं विजेवरची वाद्यं आपल्या संगीतात आणली, तेव्हा त्याच्या ध्वनिमुद्रणांत जो झाविनुल आणि वेन शॉर्टर हे दोघं होते. झाविनुल व्हिएन्नाचा, पियानो वाजवणारा. शॉर्टर न्यूअर्कचा कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक. १९७०च्या अखेरीस त्यांना प्रागचा तरुण मिरोस्लाव विटोश मिळाला. त्याचं वाद्य डबल बास, म्हणजे उभं ठेवलं तर माणसापेक्षा उंच भरणारं, खर्जातलं तंतुवाद्य. या तिघांनी वेदर रिपोर्ट उभा केला.

१९७१ साली आलेली त्यांची पहिली तबकडी ऐकताना प्रथम गोंधळायला होतं. आपल्या मैफलीत मुख्य कलावंत कोण आणि साथीदार कोण हे बैठकीवरूनच कळतं. इथं तसं काही नाही. एकजण वाक्य सुरू करतो, दुसरा ते मध्येच तोडतो, तिसरा गप्प राहतो आणि त्याचं गप्प राहणंही ऐकू येतं. ठेका येतो नि विरून जातो. तबकडीवरच्या आठ रचनांचे धनी पाहिले की समता किती खरी होती ते दिसतं. तिघांच्या प्रत्येकी दोन, एक झाविनुल-शॉर्टरची आणि एक तिघांची मिळून.

समीक्षक खूश होते, पण झाविनुल स्वस्थ नव्हता. त्याचं कारण त्याच्या आयुष्यात आहे. १९६१ ते १९७० तो कॅननबॉल अॅडर्लीच्या वाद्यवृंदात होता. त्या वृंदाला मोठी लोकप्रियता मिळवून देणारी ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ ही रचना झाविनुलचीच. पक्का ठेका सापडला की खुर्चीतला श्रोता कसा डोलू लागतो, हे त्यानं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ती भूक त्याला सोडवेना.

१९७३ साली ‘स्वीटनायटर’ आली आणि हवामान पालटलं. ‘बूगी वूगी वॉल्ट्झ’ ही तेरा मिनिटांची रचना एकाच ठेक्यावर उभी आहे. इथंच विटोशची अडचण झाली. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा धरणारा असतो. तीच ओळ, त्याच लयीत, पुन्हा पुन्हा. तो हलला तर सगळंच कोसळतं. नव्या संगीताला खर्जात असा लेहरा हवा होता आणि विटोश संवाद करणारा वादक होता. त्याला मागे बसून ओळ धरायला सांगणं म्हणजे त्याचं बोलणंच काढून घेणं. ठेक्याच्या रचनांसाठी अँड्र्यू व्हाइट हा दुसरा बासवादक बोलावला गेला. या तबकडीवर झाविनुलच्या तीन रचना, शॉर्टरच्या दोन, विटोशची एक. पुढच्या, १९७४च्या तबकडीवर विटोश एकाच रचनेपुरता उरला. त्याची जागा अल्फॉन्सो जॉन्सननं घेतली. स्थापना करणाऱ्या तिघांतला एक आपल्याच घरात पाहुणा झाला आणि मग निघून गेला.

पुढचं यश सर्वांना ठाऊक आहे. १९७६ साली जॅको पास्टोरियस हा विलक्षण बासवादक आला. १९७७च्या ‘हेवी वेदर’मधली ‘बर्डलँड’ ही रचना जगभर पोचली. मग हे संगीत विकलं गेलं का? मला तसं वाटत नाही. ‘बर्डलँड’ नीट ऐका. एकामागून एक धून येते, पण कुणीही आपलं वादन लांबवत बसत नाही. सुरुवातीचा संवाद संपला नव्हता, तो ठेक्याच्या आत राहायला आला होता. चांगल्या गझलेत वृत्त आणि काफिया यांच्या बंधनात मोकळं बोलता येतं, तसंच हे.

पण काही हरवलंही. पहिल्या तबकडीतली ती शांतता, पुढच्या क्षणी काय होईल हे वाजवणाऱ्यालाही माहीत नसण्याचा तो थरार, पुन्हा तसा आला नाही. विटोश पुढे स्वतःच्या नावानं ध्वनिमुद्रणं करत राहिला, बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्वेटरीत त्यानं शिकवलं. वेदर रिपोर्ट १९८६ साली थांबला. १९८७ साली पास्टोरियस अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेला. २००७ साली झाविनुल, २०२३ साली शॉर्टर गेला.

वाट बदलणं हा गुन्हा नाही. बदलली नसती तर ‘बर्डलँड’ आपल्याला मिळाली नसती. मात्र वळणाचा इतिहास सांगताना पुढे गेलेल्यांचीच नावं घेतली, तर तो अर्धाच राहतो. वळणावर उतरून गेलेल्याचं नावही त्यात हवं.