पहिल्या गिअरमधून थेट चौथ्यात

समजा, एका हौशी माणसाकडे जुनी स्पोर्ट्स कार आहे. हमरस्त्यावर ती लिटरला १२ किलोमीटर जाते, शहरात ८. एके दिवशी टाकी भरताना मालक हिशेब मांडतो आणि दचकतो. शहरातला आकडा एकाएकी ६ वर आलेला असतो. इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच, काळा धूर नाही, हमरस्त्यावरचा आकडाही जवळजवळ पूर्वीइतकाच. मग फक्त शहरातच काय बिघडले?

हा प्रश्न गॅरेजमधला वाटेल. पण त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण धुराच्या, तेलटंचाईच्या आणि मोजमापाच्या इतिहासात जाऊन पोचतो. त्या वाटेने जाण्याआधी वर्गात फळ्यावर करता येईल असे एक गणित करू.

थांबण्याची किंमत

१,५०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ४५ हजार ज्यूल भरते. सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, की ही सारी ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. सिग्नल हिरवा झाल्यावर ती पुन्हा पेट्रोलमधून मिळवावी लागते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. शहरात इंजिनाची कार्यक्षमता २० टक्के धरली, तर एका थांब्याची किंमत सुमारे २३ मिलिलिटर पेट्रोल इतकी होते. चहाचे साडेचार चमचे! आणि हे प्रत्येक सिग्नलला.

स्पोर्ट्स कारला याहून एक मोठी अडचण असते. तिचे इंजिन गरजेपेक्षा फार मोठे असते. शहरात त्याच्या शक्तीचा लहानसा अंशच लागतो, म्हणून हवा आत सोडणारी झडप जवळजवळ मिटलेली असते आणि दट्ट्यांना त्या अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहावा, म्हणजे या श्रमाची कल्पना येईल. तेच इंजिन वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर चालवले तर झडप अधिक उघडावी लागते आणि हा वाया जाणारा श्रम घटतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, ती पुढे कामाला येणार आहे.

लॉस एंजेलिसची एक वाट

शहरातले मायलेज मोजायची पद्धत मुळात मायलेजसाठी जन्मली नाही. ती धुरासाठी जन्मली. लॉस एंजेलिसच्या आकाशात साचणाऱ्या, डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचे कोडे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या आरंभी उलगडले. मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून येणारी हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, असे त्याने दाखवले. मग मोटारींचा धूर मोजणे आले, आणि मोजायचे तर सर्व गाड्या सारख्याच रीतीने चालवणेही आले.

त्यासाठी लॉस एंजेलिसमधील घर ते कचेरी अशा प्रवासाची एक खरी वाट निवडण्यात आली. तिच्यावर गाडी चालवून दर सेकंदाचा वेग नोंदला गेला. त्यातून जे चालनचक्र तयार झाले ते १,३७२ सेकंदांचे, १२ किलोमीटरचे आणि सतराअठरा थांब्यांचे आहे. त्यात सरासरी वेग ताशी ३१.५ किलोमीटर, तर कमाल वेग ताशी ९१ किलोमीटर. गाडी प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर उभी करायची आणि चालकाने पडद्यावरच्या आलेखाप्रमाणे वेग राखायचा. १९७२ पासून अमेरिकेत प्रदूषणाच्या चाचणीसाठी हे चक्र वापरात आले.

या चक्रात एक तडजोड होती. त्या काळच्या रुळांवर जोराने वेग वाढवला तर चाके घसरत. म्हणून वेगवाढीला मर्यादा घालण्यात आली. सेकंदाला ताशी ५.३ किलोमीटर, याहून अधिक नाही. या गतीने ताशी ९६ किलोमीटर वेग गाठायला १८ सेकंद लागतात. चांगली स्पोर्ट्स कार तोच वेग सहा सेकंदांच्या आसपास गाठते. म्हणजे ज्या कामासाठी ती घेतली जाते, ते काम या परीक्षेत कधीच विचारले जात नव्हते.

तेल आटले, आकडा मोठा झाला

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पिंपामागे ३ डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४ च्या आरंभी १२ डॉलरच्या घरात गेला. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. डिसेंबर १९७५ मध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एका कायद्यावर सही केली. त्यानुसार प्रत्येक कंपनीच्या मोटारींची सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल व्हायची होती. आपल्या हिशेबात लिटरला सुमारे ७.७ आणि ११.७ किलोमीटर. १९७८ च्या दुसऱ्या एका कायद्याने तेलपिऱ्या मोटारींवर वेगळा कर बसवला. त्याची रेषा टप्प्याटप्प्याने वर जात १९८६ मध्ये गॅलनला २२.५ मैलांवर, म्हणजे लिटरला ९.५७ किलोमीटरवर येऊन थांबली.

हे मोजायचे कसे? धुरासाठीचे शहरी चक्र हाताशी होतेच. त्याच्या जोडीला हमरस्त्याचे चक्र आले आणि ५५ टक्के अंतर शहरात, ४५ टक्के हमरस्त्यावर असे प्रमाण ठरले. आपल्या गाडीचे मूळचे आकडे या नियमात घालून पाहू या.

बरेच विद्यार्थी ८ आणि १२ यांची भारित सरासरी ९.८ काढतील आणि गाडी करातून सुटली म्हणतील. पण सरासरी इंधनाची काढायला हवी. १०० किलोमीटरपैकी ५५ किलोमीटरना ५५ भागिले ८, म्हणजे ६.८८ लिटर लागतात. उरलेल्या ४५ किलोमीटरना ४५ भागिले १२, म्हणजे ३.७५ लिटर. एकूण १०.६३ लिटर, म्हणजे लिटरला ९.४ किलोमीटर. गाडीला कर लागला! आता हमरस्त्याचा आकडा १२ वरून १२.३ करा. उत्तर ९.४९ येते, कर कायम. त्याऐवजी शहराचा आकडा ८ वरून ८.३ करा. उत्तर ९.६४ येते आणि गाडी सुटते. हरात्मक मध्य लहान आकड्याकडे झुकतो, तो असा.

कारखान्यातल्या अभियंत्यांना हे गणित अर्थातच ठाऊक होते.

परीक्षेपुरता गिअर

१९८९ सालच्या शेवरोले कॉर्वेटला सहा गिअरांची नवी पेटी मिळाली. तिच्यात एक चमत्कारिक सोय होती. इंजिन तापलेले असताना, पाय हलका ठेवून, ताशी २० ते ३० किलोमीटरच्या सुमारास चालकाने पहिल्यातून दुसरा गिअर टाकायला दांडा ओढला, की विजेवर चालणारा एक अडसर दुसऱ्याची वाट बंद करी आणि दांडा सरळ चौथ्यात जाई. पाय जोरात दाबला असेल तर मात्र अडसर मध्ये येत नसे.

कारण आता आपल्याला सांगता येईल. चौथ्यात इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात, झडप अधिक उघडते, शहरी चक्रात पेट्रोल वाचते. चाचणीतली वेगवाढ मुळात सौम्य असल्याने अडसर तिथे नेमका कामाला येई. पेट्रोल वाचत होते हे खरे, त्यात लबाडी नव्हती. कॉर्वेट करातून सुटली. रहदारीत मात्र इंजिन कुथत चालते असे वाटून अनेक मालक वैतागले. अडसर निकामी करणारे लहानसे स्वस्त जोडही बाजारात आले आणि खपले. ज्यांनी ते बसवले त्यांच्या गाडीने चाचणीतला गुण रस्त्यावर सोडून दिला.

शिक्षकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. जे विचारले जाते तेवढेच शिकवले जाते.

मग अचानक घट का?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. टायरमधली हवा कमी झाली किंवा ब्रेक घासत राहिला, तर हमरस्त्यावरचा आकडाही पडायला हवा. तो पडलेला नाही. तेव्हा संशय अशा गोष्टीवर जातो, जी फक्त संथ आणि थांबत चालताना बिघडते.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात मायलेज बहुधा हळूहळू घसरे. १९७७ सालच्या व्होल्वो गाड्यांबरोबर अमेरिकेच्या बाजारात एक नवी वस्तू आली : बॉश कंपनीचा ऑक्सिजन संवेदक. एका ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण नेमके राखले तरच धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक नीट काम करतो. संवेदकातील झिर्कोनियाच्या चिनी मातीसारख्या टोपीची एक बाजू धुरात आणि दुसरी बाहेरच्या हवेत असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकातून विद्युत दाब निर्माण होतो. पेट्रोल जास्त झाले तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी झाले तर ०.१. तो वाचून संगणक पेट्रोल कमीजास्त करतो.

परंतु ही टोपी सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली तरच बोलते. म्हणून पुढे तिच्यात विजेची तार बसवून ती तापवू लागले. समजा, ही तार तुटली. हमरस्त्यावर धूर इतका गरम असतो की टोपी आपोआप तापलेली राहते. शहरात सिग्नलला थांबल्यावर धूर थंडावतो आणि टोपी मुकी होते. मग संगणक साठवलेल्या अंदाजावर चालतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल सढळ हाताने देतो. थंड पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट उघडा अडकला, तरीही असेच घडते. शहरातल्या लहान फेऱ्यांत इंजिन तापतच नाही आणि संगणक त्याला थंडच समजत राहतो. अमेरिकी सरकारच्या माहितीनुसार संवेदकाचा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यास मायलेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकते. आपल्या गाडीला ६ वरून ८ वर यायला ३३ टक्के पुरेत.

म्हणजे इंजिनाला नेमकेपणा आला, तसा त्याच्या बिघाडालाही एकाएकीपणा आला. म्हणूनच १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत असे दोष स्वतः ओळखून दिवा लावणारी प्रणाली सक्तीची झाली. अर्थात संवेदक बदलण्याआधी मालकाला आणखी एक गोष्ट विचारायला हवी : वाटेवर नवा सिग्नल तर आला नाही ना? कधी कधी गाडी तीच राहते आणि परीक्षाच बदलते.

परीक्षाही सुधारते

लोकांच्या अनुभवाशी जुळावे म्हणून १९८५ पासून अमेरिकेत गाडीवर लावायच्या चिठ्ठीतला शहरी आकडा १० टक्के आणि हमरस्त्याचा २२ टक्के कमी करून छापू लागले. २००८ पासून जोरदार वेगवाढ, वातानुकूलन आणि थंड हवा यांच्या चाचण्याही धरल्या गेल्या. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने आपल्या रस्त्यांसाठी वेगळे चालनचक्र बसवले. त्यातला कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर होता. लॉस एंजेलिसच्या ९१ शेजारी हा आकडा ठेवला, की 'शहर' या शब्दाचा अर्थ गावोगावी किती वेगळा आहे ते कळते.

वर्गासाठी एक काम सुचवतो. विद्यार्थ्यांनी शाळेपासून घरापर्यंत बस किंवा रिक्षा किती वेळा थांबते ते आठवडाभर नोंदवावे आणि प्रत्येक थांब्याची किंमत मिलिलिटरमध्ये काढावी. वाहनाचे वस्तुमान आणि वेग बदलतील, सूत्र तेच राहील. मग मायलेजचा आकडा कुठेही छापलेला दिसला, की मुले आपणहून विचारतील : हा कोणत्या वाटेवरचा आहे?