हलकेंफुलकें वाचन आणि घरचीं माणसें



वाचनाच्या बाबतींत आपल्या सुशिक्षित घरांतून एक विचित्र संकोच आढळतो. पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशा कपाटांत इतिहास, चरित्रें, तत्त्वज्ञान यांचे ग्रंथ ओळीनें लावलेले असतात. उशाशीं मात्र एखादी विनोदी रहस्यकथा, नाहीं तर कोणाच्या तरी घरच्या आठवणींचें पुस्तक उपडें घातलेलें असतें. विचारलें तर उत्तर येतें, ‘सहज चाळत होतों.’ आयुष्य शिक्षकींत गेल्यामुळें बांकाखालीं दडविलेलीं पुस्तकें हुडकण्याचा मला चांगलाच सराव आहे. आणि माझा अनुभव असा, कीं दडवून वाचलेलें पुस्तक सहसा अर्धवट टाकलें जात नाहीं. तेव्हां ज्यांच्याबद्दल हा संकोच बाळगला जातो, त्या दोन जातींच्या पुस्तकांचा थोडा इतिहास आज पाहूं.

ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाचें नांव मुलांना ‘विनी-द-पू’ नांवाच्या अस्वलामुळें ठाऊक असतें. परंतु त्यापूर्वीं हा गृहस्थ ‘पंच’ या प्रसिद्ध विनोदी साप्ताहिकाचा दुय्यम संपादक होता. पहिल्या महायुद्धांत १९१६ सालीं तो सोमच्या रणांगणावर होता आणि तेथून तापानें आजारी होऊन परतला. पुढें त्यानें रहस्यकथा लिहिण्याचें मनांत आणलें, तेव्हां जाणत्यांनीं त्यास बजावलें, कीं ‘पंच’च्या लेखकाकडून लोकांना विनोद हवा असतो. त्यानें तें ऐकलें नाहीं. १९२२ सालीं ‘द रेड हाउस मिस्टरी’ प्रसिद्ध झाली, आणि ती त्यानें आपल्या वडिलांस अर्पण केली. कारण वडिलांना असल्या कथांचा भारी शोक होता. हे वडील पेशानें शाळामास्तर! लंडनांत त्यांची स्वतःची लहानशी शाळा होती व एच. जी. वेल्स यांनीं तेथें कांहीं काळ अध्यापन केलें होतें. मास्तर लोकांना रहस्यकथा वर्ज्य असतात असें समजणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. पुढें १९३९ मध्यें मिल्ननें आत्मचरित्र लिहिलें, त्यांत बालपणाला आणि या वडिलांना फार मोठी जागा दिली आहे. म्हणजे रहस्यकथा वडिलांसाठीं, आणि आठवणी वडिलांच्या.

दुसरें उदाहरण अगाथा ख्रिस्ती यांचें. त्यांच्या टॉमी आणि टपेन्स या हंसऱ्या जोडीची पहिली कादंबरीही १९२२ चीच. युद्ध संपलेलें, हातीं काम नाहीं, खिशांत पैसा नाहीं, अशीं तीं दोघें तरुण माणसें. पुढें दुसरें महायुद्ध पेटलें; बाईंचे पति, पुराणवस्तुशास्त्रज्ञ मॅक्स मॅलोवन, उत्तर आफ्रिकेंत गेले आणि बाई लंडनच्या एका इस्पितळाच्या औषधालयांत काम करूं लागल्या. त्या एकटेपणांत त्यांनीं एक निराळें पुस्तक लिहिलें. त्यांत खून नाहीं. पतीबरोबर सीरियांतील उत्खननाच्या जागीं काढलेल्या दिवसांच्या गमती आहेत. तें १९४६ सालीं प्रसिद्ध झालें.

एकाच लेखणीला या दोन्ही गोष्टी साधाव्या, यांत मला नवल वाटत नाहीं. दोहोंचें भांडवल एकच, आणि तें म्हणजे घर. दार आंतून बंद होतें कीं बाहेरून, चहा कितीला झाला, कोण कोणाशीं अबोला धरून होतें, असल्या बारीकसारीक गोष्टींना दोन्हीकडे मोल असतें. फरक आहे तो मृत्यूच्या बाबतींत. हलक्याफुलक्या रहस्यकथेंत पहिल्या कांहीं पानांतच एक प्रेत पडतें, पण त्याच्यासाठीं फारसें कोणी रडत नाहीं. लाखोंच्या मृत्यूनें पोळलेल्या त्या पिढीला असा न रडविणारा मृत्यूच सोसवत असावा, असें माझें मत आहे. कौटुंबिक आठवणींत याच्या उलट. तेथें गेलेलें माणूस जवळचें असतें, आणि त्याच्या आठवणीनें लेखक हंसतो.

अमेरिकेंतील क्लॅरेन्स डे हा संधिवातानें अनेक वर्षें जखडलेला लेखक. आपल्या तापट वडिलांच्या हकीकती त्यानें मोठ्या खुमासदारपणें लिहिल्या. १९३५ सालीं ‘लाइफ विथ फादर’ निघालें आणि त्याच वर्षअखेर तो वारला. त्यावरून रचलेल्या नाटकाचे १९३९ पासून न्यूयॉर्कांत ३,२२४ प्रयोग झाले. नाटकाचा विषय काय, तर वडिलांचा बाप्तिस्मा झालेलाच नाहीं हें आईला कळतें, आणि तो उरकून घेण्यासाठीं ती बिचारी जिवाचें रान करते. 

आतां आपल्या भाषेकडे येऊं. येथेंही एका बाप्तिस्म्याची कथा आहे. परंतु येथें बाप्तिस्मा होऊन गेला आणि घर मोडलें. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ मी किती वेळां वाचलीं याचा हिशेब मीं ठेविलेला नाहीं. १८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं पत्नीस विश्वासांत न घेतां मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पदरीं लहान मूल, भोंवतीं सोंवळ्याओंवळ्याचा समाज. आणि पति जिवंत असून नसल्यासारखा! पुढें बाई पतीकडे परतल्या व १९०० सालीं आपखुशीनें ख्रिस्ती झाल्या. मधलीं वर्षें कशीं गेलीं असतील याची कल्पनाही करवत नाहीं.

आणि तरीही तें पुस्तक वाचतांना आपण हंसतों! बाईंचे आजोबा १८५७ च्या धामधुमींत फांसावर गेले. त्यानंतर वडिलांना सोंवळ्याचें असें वेड लागलें, कीं बाजारांतून आणलेलें मीठदेखील धुतल्याशिवाय घरांत घ्यावयाचें नाहीं. मीठ धुतल्यावर काय उरणार? बाई तें अशा सहजतेनें सांगतात, कीं प्रथम हंसूं येतें आणि मागाहून त्या घरांतील लेकरांचे हाल ध्यानांत येतात. टिळकांच्या बाबतींतही तसेंच. घरांत उद्यांची सोय नसतां हातचे पैसे वाटून मोकळे होणारे, केव्हां घर सोडून निघतील याचा नेम नसलेले हे कविराज बाईंनीं ना देव्हाऱ्यांत बसविले, ना आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे केले. हा मनुष्य असा कां वागला, हें कोडें त्या शेवटपर्यंत उलटूनपालटून पाहतात; कोणत्याही रहस्यकथेहून मला तें अधिक ओढून नेतें. पतीनेंच अक्षरओळख करून दिलेल्या, शाळेंत कधीं न गेलेल्या स्त्रीनें हें लिहिलें, हें विशेष.

मुळांत त्यांना पुस्तक लिहावयाचेंच नव्हतें. टिळक १९१९ सालीं वारले. पुत्र देवदत्त यांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यांनीं आईजवळ आठवणी मागितल्या. पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हां हकीकत अपुरीच होती. आईकडे आठवणी मागणाऱ्या त्या पुत्रानेंच मग ती पुरी केली.