वाक्याचा चकवा

पारनेर तालुक्यात जामगावला महादजी शिंद्यांचा आणि पळशीला होळकरांचे दिवाण पळशीकर यांचा वाडा आहे. ज्या सरदारी कारभारातून हे वाडे उभे राहिले, त्याचे लेखन मोडी लिपीत चालत असे. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर सलग आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली बोरूने अक्षरे अशी गुंफी, की एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला, हे डोळ्यांना दिसत नसे. अशा ओळीत ‘तोरणाजवळउभाआहे’ एवढाच मजकूर आला, तर कोणी दाराच्या तोरणापाशी उभा आहे की ‘तो’ रणाजवळ उभा आहे, हे व्याकरणाला सांगता येत नाही, कारण दोन्ही वाचने शुद्धच आहेत; हाच वाक्याचा चकवा. निवाडा मागचापुढचा मजकूर करी: लग्नाची याद असेल तर तोरण, मोहिमेचे पत्र असेल तर रण. ‘ऐसे’, ‘म्हणोन’, ‘येविसी’ यांसारखे ठरीव शब्द या पत्रांत वारंवार येतात, त्यांना निव्वळ शिष्टाचार समजणे अन्यायाचे आहे. वाक्याचे सांधे दाखवण्याचे, म्हणजे पुढे स्वल्पविरामाकडे गेलेले काम तेच करीत होते.

१७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जोडलेली ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका येथे हटकून आठवते, परंतु ‘धरावे’चे ‘मारावे’ करणे ही खाडाखोड झाली. चकव्यात एकही अक्षर बदलावे लागत नाही.

मराठी गद्यात विरामचिन्हे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छपाईच्या जोडीने, आणि त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा होता.

इंग्रजीत शब्द सुटे असूनही चकवा लागतो. टॉमस बीव्हर या अमेरिकी अभ्यासकाने १९७० मध्ये मांडलेल्या ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल’ या वाक्यात ‘रेस्ड’ हे एकच रूप ‘दौडला’ आणि ‘दौडवलेला’ अशा दोन्ही अर्थांनी चालते, त्यामुळे घोडा कोठारापुढून दौडत गेला असे धरून चाललेल्या वाचकाला शेवटी ‘फेल’, म्हणजे ‘पडला’, भेटताच वाट चुकल्याचे कळते. ‘कोठारापुढून दौडवलेला घोडा पडला’ असे मराठीत म्हटले की ‘दौडवलेला’ हे घोड्याचे विशेषण असल्याचे त्याच्या रूपावरूनच उमगते आणि वाचक अडखळत नाही. तथापि ‘आईने मुलाला रडताना पाहिले’ या साध्या वाक्यात रडत कोण होते, हे आजही कोणत्याच विरामचिन्हाने ठरत नाही.