वाग्भटाचा शस्त्रकोश

नेर परसोपंत (जि. यवतमाळ) व भोंवतालच्या वऱ्हाडांतील संग्राहकांच्या हातीं वैद्यकाचीं जुनीं बाडें आलीं म्हणजे लक्ष बहुधा औषधीपाठांकडेच जातें. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांतील २६ वा अध्याय, शस्त्रविधीचा, तसाच राहतो. त्यांत २६ शस्त्रांच्या वर्णनासोबत तीं ठेवण्याच्या कोशाचेंहि मान दिलें आहे.

हा कोश ९ अंगुळें रुंद व १२ लांब. अंगुळ पाऊण इंच धरल्यास सुमारें पावणेसात इंच व नऊ इंच. तो क्षौम, रेशीम, दुकूल इत्यादि वस्त्रांचा किंवा मऊ चामड्याचा, घट्ट शिवलेला. आंत पाश बसविलेले, आणि तोंड शलाकेनें बंद केलेलें. 'सान्तरोर्णास्थ' या पदांत सारें मर्म आहे: शस्त्रें लोंकरींत, परस्परांत अंतर राखून ठेवावयाचीं. सुश्रुतहि धार राखण्यासाठीं सांवरीच्या लांकडाची फळी सांगतो.

या कोशांत निर्जंतुकीकरण पाहण्याचा मोह कोणास होईल. आम्हांस तें मान्य नाहीं. शस्त्र तापविण्याची गोष्ट निराळ्या ठिकाणीं आहे. उदरव्रणांतून बाहेर आलेला मेद तप्त शस्त्रानें छेदावा, असें सुश्रुत चिकित्सास्थानांत सांगतो. न तापविल्यास पाकाचें भय, असें डल्हणाचें स्पष्टीकरण. तापविणें एक, ठेवणें दुसरें. लोंकरीचा कोश विस्तवाजवळ नेण्याचा नव्हेच.

या दोन क्रिया एकत्र आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पॅरिसच्या चेंबरलँडनें १८७९ त दाबाच्या वाफेचें यंत्र सिद्ध केलें, आणि पुढें शस्त्रें वाफेंतच धरून ठेवण्याचा प्रश्न आला. आजच्या तबकाला म्हणून भोंकें असतात. त्यांतील सिलिकोनच्या मऊ खुंट्या शस्त्र हलूं देत नाहींत. १२१ अंश सेल्सिअसची वाफ १५ मिनिटें सर्वांगास लागली पाहिजे, यास्तव कात्री-चिमटे उघडे ठेवतात. वाग्भटाचें अंतर धारेसाठीं होतें. येथें तें वाफेच्या वाटेसाठींहि आहे.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें याच ग्रंथावर आयुर्वेदरसायन टीका लिहिली. एखाद्या बाडांत हा अध्याय सटीक सांपडल्यास 'विन्यस्तपाश' व 'सान्तरोर्णास्थ' या पदांचे पाठ जसेच्या तसे उतरून घ्यावे. पोथीबरोबर पाश शिवलेली जीर्ण पिशवी निघाल्यास ती रुमालाची चिंधी समजून टाकूं नये. धुण्यापूर्वीं तिची लांबी-रुंदी मोजावी, आणि शिवणींत लोंकर आहे काय तें पाहावें.